कोलॅजन कमी झालं म्हणून वयाचे डाग पडतात का? पावडर, ट्यूबा आणि काउंटरवरचे प्रश्न

खलबत्ता :

औषधाच्या दुकानात पन्नाशीच्या आसपासची गिऱ्हाइकं कोलॅजन पावडरचा डबा पुढे करून एकच विचारतात : "याने गालावरचे आणि हातावरचे डाग जातील ना?" डब्यावर सुरकुत्या, डाग, केसगळती, गुडघेदुखी सगळं एका दमात छापलेलं असतं आणि 'पंचविशीनंतर कोलॅजन कमी होतं' हे वाक्य ठळक अक्षरांत. त्यावरून लोकांनी सरळ हिशेब मांडलेला असतो : कोलॅजन गेलं म्हणून डाग आले, कोलॅजन खाल्लं की डाग जाणार.

जाणकारांकडून नेमकं समजून घ्यायचं आहे. कोलॅजनचा आणि डागांचा खरंच संबंध आहे का? पावडर घ्यायचीच म्हटली तर किती ग्रॅम, किती महिने, आणि शाकाहारी माणसाला काय सांगायचं? डागांसाठी लोक मागतात त्या ट्यूबांपैकी चिठ्ठीशिवाय देण्यासारखं काय आणि अजिबात न देण्यासारखं काय? आणि डाग बघून 'आधी डॉक्टरांना दाखवा' असं कधी म्हणायचं?

बकुळ :

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो हिशेब चुकीचा आहे, आणि त्यापायी लोकांचे पैसे नको तिथे जातात.

कातडीला दोन मजले आहेत असं धरा. वरचा मजला म्हणजे बाह्यत्वचा, जेमतेम ०.१ मिलिमीटर, वर्तमानपत्राच्या कागदाइतकी. खालचा मजला अंतस्त्वचेचा, जागेप्रमाणे १ ते ४ मिलिमीटर. कोलॅजन असतं खालच्या मजल्यावर. अंतस्त्वचा सुकवून तोलली तर सुमारे तीन चतुर्थांश वजन एकट्या कोलॅजनचं भरतं. रंग तयार होतो वरच्या मजल्याच्या अगदी तळाशी, मेलॅनोसाइट पेशींमध्ये. सुरकुती पडते ती खालच्या मजल्याचे वासे झिजल्यामुळे. डाग दिसतो तो वरच्या मजल्यात रंग साचल्यामुळे.

याचा पुरावा प्रत्येकाच्या अंगावर आहे. साठीच्या माणसाला हात वर करायला सांगा आणि दंडाची आतली बाजू बघा. तिथलं कातडं पातळ झालेलं दिसेल, चिमटीत धरून सोडलं तर सावकाश खाली बसेल, पण डाग जवळपास नसतील. आता त्याच हाताचा पंजा उलटा करा. वय तेच, रक्त तेच, खाणं तेच, पण डाग इथे आहेत. नुसत्या वयाने कोलॅजन दोन्हीकडे कमी झालं, पण उन्हाने डाग एकाच ठिकाणी पाडले. म्हणून 'वयाचे डाग' हे नावच मुळात दिशाभूल करतं, ते उन्हाचे डाग आहेत.

मग दोन्ही गोष्टी बरोबर का येतात? कारण दोघांचा शत्रू एकच. उन्हातले अतिनील बी किरण बहुतेक वरच्याच मजल्यावर अडतात, अतिनील ए किरण खालच्या मजल्यापर्यंत उतरतात. तिथे ते एमएमपी नावाची विकरं वाढवतात. एमएमपी-१ हे कोलॅजनचा धागा कापणारी कात्रीच म्हणा. त्याच वेळी नवं कोलॅजन बनवायचा निरोप देणारा टीजीएफ-बीटा हा संदेश मंदावतो. म्हणजे झीज वाढते आणि भरणा घटतो. वर मेलॅनोसाइट त्याच उन्हाने चेतवले जातात आणि वर्षानुवर्षं तसेच चेतलेले राहतात.

ए किरण साध्या काचेतून आत येतात, हे गिऱ्हाइकांना आवर्जून सांगा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू, म्हणजे खिडकीकडची, जाड आणि सुरकुतलेली झाली होती. उजवी त्यामानाने कितीतरी तरुण दिसत होती. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्या चालकांचा उजवा गाल आणि उजवा हात आधी बघायचा. पुढच्या काचेत मधे प्लॅस्टिकचा थर असतो, ती ए किरण बऱ्यापैकी अडवते. बाजूच्या काचा तितक्या अडवत नाहीत.

आता महत्त्वाचं. आपल्या वर्णाच्या कातडीवर लोक ज्याला वयाचे डाग म्हणतात ते बहुतेक वेळा वेगवेगळे प्रकार असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. काउंटरवरून रोगनिदान करायचं नाही, पण गिऱ्हाईक कुठल्या वाटेला लावायचं ते बोटाने आणि डोळ्याने कळतं.

दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर किंवा कपाळावर, डावी-उजवीकडे सारखाच, कडा विरघळल्यासारखा तपकिरी पट्टा : हा वांग. बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन, आईला असणं, असं काहीतरी मागे निघतं. वांग पूर्ण पुसला जात नाही, आटोक्यात राहतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर माणूस ट्यूबामागून ट्यूबा बदलत बसतो.

हाताच्या पाठीवर, गालाच्या उंचवट्यावर, टकलावर सपाट, स्पष्ट काठाचा, मसूरडाळीपासून रुपयाएवढा तपकिरी ठिपका : हा खरा उन्हाचा डाग. बोट फिरवलं तर हाताला काही लागत नाही.

बोट फिरवल्यावर खडबडीत, मेण चिकटवल्यासारखा उंच लागणारा : हा सेबोऱ्हिक केरॅटोसिस. निरुपद्रवी, पण कुठल्याही क्रीमने जात नाही. गालांवर आणि डोळ्यांभोवती मोहरीएवढे काळे मस हा त्याचाच चुलतभाऊ, घराघरात आढळणारा. त्यावर क्रीम देणं म्हणजे नुसते पैसे घेणं. ते रेडिओफ्रीक्वेन्सीने किंवा सुईच्या चटक्याने काढतात, भूल देणारं क्रीम लावून, एका बैठकीत बरेच.

मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा असेल तर तो घासून काढायच्या भानगडीत कोणी पडू नये. तो बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. तिथे साखर तपासायला सांगा, वजन उतरलं की काळेपणाही उतरतो. कोपर, खांदे, पाठ इथले जाळीदार काळे पट्टे बऱ्याचदा नायलॉनच्या घासणीने किंवा वज्रीने रोज खसाखसा घासल्यामुळे असतात, हाडाच्या उंचवट्यावर जास्त. घासणी सुटल्याशिवाय त्यांना कुठलंच औषध लागत नाही.

कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर राखाडी-जांभळट छटा असेल तर केसांना कोणता कलप लावता ते विचारा. त्यातल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी कधी कधी खाज न येताही रंग सोडून जाते. अशा माणसाला डागाची ट्यूब देऊन उपयोग नाही, कलप थांबायला हवा.

पेशीजाल :

बकुळताईंचं मांडणं बरोबर आहे, त्याला एक पुरवणी. दोन मजल्यांमध्ये एक जमीन आहे, तळपटल, आणि तीसुद्धा कोलॅजनचीच. पण खालच्या मजल्यावरच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या दोरखंडांची नाही, ही चौथ्या प्रकाराची जाळी. ऊन एमएमपी-२ आणि एमएमपी-९ वाढवतं, ती विकरं ही जाळी कुरतडतात. वांगाच्या नमुन्यांत तळपटल फाटलेलं सापडतं, मग रंगाचे कण खालच्या मजल्यात पडतात आणि तिथे अडकून बसतात. खाली पडलेला रंग वरून लावलेल्या क्रीमला दाद देत नाही, वांग हट्टी असण्याचं हे एक कारण. शिवाय उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या, कोलॅजन बनवणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी वरच्या मेलॅनोसाइटना 'रंग बनवा' असे संदेश पाठवत राहतात. त्यामुळे खालच्या मजल्याचा डागांशी संबंध आहे, पण तो 'कोलॅजन खाल्लं की डाग गेला' अशा प्रकारचा अजिबात नाही.

आता पावडर. कोलॅजनचा रेणू म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ. ही रचना १९५४ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मद्रासमध्ये बसून मांडली, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. साखळीत प्रत्येक तिसरी जागा ग्लायसिनची, कारण पिळाच्या आतल्या बाजूला त्याहून मोठं अमायनो आम्ल मावतच नाही. प्रोलिनवर एक हायड्रॉक्सिल गट चढवला की पीळ घट्ट बसतो, आणि ते चढवणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की पीळ सैल पडतो, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उकलतात. तोच स्कर्व्ही.

पूर्ण रेणूचं वजन सुमारे ३ लाख डाल्टन (डाल्टन म्हणजे रेणूंचं वजन मोजायचं एकक). शाबूत कातडीतून आत शिरायचं तर ढोबळमानाने ५०० डाल्टनच्या आत असावं लागतं. म्हणून 'कोलॅजन क्रीम' वरच राहतं, ओलावा धरतं, कातडी मऊ लागते, बस. कातडीतलं कोलॅजन त्याने वाढत नाही.

पोटात घेतलेली पावडर म्हणजे विकरांनी तोडलेले पेप्टाइड, काही हजार डाल्टनचे. पोटात ते आणखी तुटतात. थोडे दोन-तीन अमायनो आम्लांचे तुकडे रक्तात सापडतात हे खरं, पण ते पत्ता शोधत गालावर जाऊन बसतात असं समजायला आधार नाही. चाचण्यांमध्ये रोज २.५ ते १० ग्रॅम, ८ ते १२ आठवडे, असं दिलं गेलं. ओलावा आणि लवचिकपणा किंचित सुधारल्याचे निकाल बरेच आहेत. पण २०२५ मध्ये २३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा उत्पादक कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्यांमध्ये फरक दिसलाच नाही. डाग कमी होण्याबद्दल तर भरवशाचं असं काही हातात नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाने विचारलं तर स्पष्ट सांगा : डागांसाठी हा डबा नाही.

तरी कोणाला घ्यायचंच असेल तर १० ग्रॅमच्या आत, १२ आठवडे, एवढं करून थांबावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, ते शेवटी प्रथिनच आहे. माशांची अ‍ॅलर्जी असेल तर डब्यावरचा घटक वाचून दाखवा, आपल्याकडे विकलं जाणारं बरंचसं कोलॅजन माशांच्या कातडी-खवल्यांपासून असतं, बाकी गुराढोरांच्या कातड्यापासून. आणि शाकाहारी माणसाला हे लपवू नका. वनस्पतीत कोलॅजन नसतंच. हिरव्या ठिपक्याच्या डब्यावर 'कोलॅजन बिल्डर' लिहिलेलं असतं, त्यात आवळा, हादगा (अगस्ती), बायोटिन असं काही असतं, कोलॅजन नव्हे. श्रद्धेने मांस-मासे न खाणाऱ्या माणसाला हा फरक कळायचा हक्क आहे.

त्या पैशात काय करता येईल? वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम धरा. आपल्या जेवणात पोळी-भाजी भरपूर आणि वरण पातळ, त्यामुळे तेवढं भरत नाही. दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे, अंडं चालत असेल तर दोन, एवढी भर घातली की तूट बरीचशी भरून निघते. क जीवनसत्त्वाला एक पेरू पुरतो. भाजी फार शिजवली की ते जातं, म्हणून पेरू, आवळा, लिंबू कच्चंच खावं.

साखरेबद्दलही बोला. रक्तात साखर जास्त काळ चढलेली राहिली की ती कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि त्यांच्यात आडवे टाके घालते. हे टाके शरीराला सहज उसवता येत नाहीत, कारण कातडीतल्या कोलॅजनचं निम्मं आयुष्यच सुमारे १५ वर्षं आहे. जुन्या मधुमेहींचे हात नमस्कारात पूर्ण जुळत नाहीत, बोटांमध्ये फट राहते, ते याच टाक्यांमुळे. काउंटरवर सहज तपासता येण्याजोगी खूण आहे ही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक. पाळी गेल्यानंतर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन सुमारे ३० टक्क्यांनी घटतं, पुढे वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास. 'अचानक चेहरा उतरला' असं त्या म्हणतात तेव्हा ते खरं असतं, कल्पना नसते.

सह्यवारा :

ट्यूबांबद्दल. हा प्रश्न मला सगळ्यात गंभीर वाटतो.

रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन २ टक्के, कातडीची उलाढाल वाढवणारं ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के, असं तिन्ही एकत्र असलेलं क्रीम चिठ्ठीशिवाय कोणाच्याही हातात देऊ नका. नातेवाइकाने सांगितलं, पार्लरवालीने सांगितलं, मागच्या वेळेस हेच नेलं होतं, काहीही कारण असो. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. पहिल्या दोन आठवड्यांत चेहरा उजळतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं आणि तेच क्रीम वर्षानुवर्षं फेअरनेस क्रीमसारखं लावत राहतं. आणि इथेच कोलॅजनचा विषय परत येतो : स्टेरॉइड फायब्रोब्लास्टचं काम बंद पाडतं. डाग घालवायला लावलेलं मलम खालच्या मजल्याचे वासे काढून घेतं. कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ होते, गालांवर लाल केशवाहिन्यांचं जाळं दिसायला लागतं, पुरळ उठतं, बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. क्रीम थांबवलं की चेहरा लालबुंद होऊन जळतो, म्हणून माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. या चक्राला आपल्याच देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचं स्वतंत्र नाव दिलं, इतका हा प्रकार आपल्याकडे पसरलेला आहे. २०१८ मध्ये अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीखाली आणली गेली ती याच कारणाने. चिठ्ठी असली तरी तारीख बघा. डॉक्टर ही मलमं आठवड्यांच्या हिशेबाने लिहितात. सहा महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर सातवी ट्यूब देणं म्हणजे चिठ्ठीशिवाय देण्यासारखंच आहे.

असा जळणारा चेहरा घेऊन कोणी आलं तर दुसरं 'सौम्य' स्टेरॉइडही देऊ नका. साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर द्या, गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगा, आणि डॉक्टरांकडे पाठवा. सुटायला आठवडे, कधी महिने लागतात, हे आधीच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी तो माणूस दुसऱ्या दुकानात जुनी ट्यूब मागेल.

हायड्रोक्विनोन एकटं असलं तरी तीन-चार महिन्यांपलीकडे सलग लावू नये. जास्त लावलं तर उलटंच होतं, गालाच्या हाडांवर निळसर-काळे, खसखशीच्या दाण्यासारखे खडबडीत ठिपके येतात आणि ते घालवणं जवळपास अशक्य असतं. माणसाला वाटतं डाग वाढला, म्हणून तो आणखी थापतो.

ज्या डबीवर उत्पादकाचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी नाही, अशी परदेशी किंवा ऑनलाइन पार्सलने आलेली गोरेपणाची क्रीमं दुकानात ठेवूच नका. त्यात पारा सापडतो. सौंदर्यप्रसाधनात पारा वापरायला मनाई आहे ती उगीच नाही, तो कातडीतून आत शिरून मूत्रपिंड बिघडवतो. असं क्रीम लावणाऱ्याच्या पायावर सूज आणि लघवीला फेस असेल तर त्याच दिवशी लघवीतली प्रथिनं तपासायला पाठवा.

चिठ्ठीशिवाय निर्धास्त देण्यासारखं : नायसिनमाइड ४ ते ५ टक्के, रोज दोनदा. क जीवनसत्त्वाचं सीरम १० टक्क्यांचं, सकाळी, सनस्क्रीनच्या आधी. पण त्यात एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल असेल तर ते ३.५ पेक्षा कमी पीएचला टिकतं आणि उन्हा-उष्म्यात लवकर सडतं. आपल्या उन्हाळ्यात शोकेसच्या दिव्याखाली ठेवलेली पारदर्शक बाटली महिन्याभरात कोऱ्या चहाच्या रंगाची होते. ती विकू नका. गडद बाटली, घरी फ्रिजमध्ये, उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवायची.

लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, यातलं काही डागावर लावलंय का ते विचाराच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की कातडी भाजते आणि भाजलेल्या जागी आधीच्यापेक्षा काळा डाग बसतो.

खलबत्ता :

फारच उपयोगी. दोन शंका. सनस्क्रीन 'लावतो पण फरक नाही' असं म्हणणारे खूप भेटतात, त्यात कुठे चुकतं? आणि डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन लिहून दिलेले रुग्ण आठ दिवसांत 'चेहरा सोलला' म्हणून ट्यूब परत घेऊन येतात, त्यांना वापर कसा समजावायचा?

बकुळ :

सनस्क्रीनचं गणित ट्यूबवरून तपासा. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ, इतकं लागतं. बाटलीवरचा एसपीएफ चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. दिवसातून दोनदा तेवढं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत संपते. म्हणून 'मागची ट्यूब कधी नेली होती?' एवढं विचारलं की सगळं कळतं. दिवाळीतली ट्यूब गुढीपाडव्याला अर्धी शिल्लक असेल तर चेहऱ्यावर एसपीएफ ५० नाही, त्याचा लहानसा अंश पोचतोय.

एसपीएफ ३० बी किरण ९७ टक्के अडवतं, ५० एक टक्का जास्त. त्यामुळे आकड्यापेक्षा मात्रा महत्त्वाची, आणि ए किरणांसाठी पीए+++ किंवा त्याहून वर बघायचं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी, घाम पुसला की लगेच. मॉइश्चरायझरमध्ये मिसळून लावू नये, थर विरळ होतो. आधी मॉइश्चरायझर, तो मुरल्यावर सनस्क्रीन, मग पंधरा मिनिटांनी बाहेर.

वांग असलेल्यांना रंग मिसळलेलं, लोहऑक्साइडचं सनस्क्रीन द्या. आपल्या वर्णात नुसता दिसणारा प्रकाशसुद्धा रंग वाढवतो, विशेषतः निळ्या बाजूचा, आणि पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही.

सनस्क्रीन वापरून खालच्या मजल्याचं काय होतं, याचं उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरच्या अभ्यासातून मिळालं. साडेचार वर्षं रोज लावणाऱ्यांमध्ये कातडीचं म्हातारपण मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी दिसलं. २०१३ मध्ये ते छापून आलं. कोलॅजनच्या डब्यांवरचा पैसा इकडे वळवा म्हणते ते यासाठीच.

दुचाकीवरचा स्कार्फ उत्तम, पण घट्ट विणीचा, गडद रंगाचा. उजेडासमोर धरून आरपार दिसत असेल तर तो धुळीपुरता. आणि उन्हाची वेळ सावलीवरून ओळखायला शिकवा. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर अतिनील किरण जोरात असतात.

आता ट्रेटिनॉइन. कोलॅजन खरोखर वाढवतं याचा भक्कम पुरावा असलेलं लावायचं औषध हे. १९९३ च्या एका चाचणीत १० ते १२ महिने लावल्यावर उन्हाने खराब झालेल्या कातडीत पहिल्या प्रकारचं नवं कोलॅजन ८० टक्क्यांनी वाढलं, नुसतं क्रीम लावलेल्यांत १४ टक्क्यांनी घटलं. शिवाय ते बाह्यत्वचेची उलाढाल वाढवून रंगही उतरवतं, म्हणजे हे दोन्ही मजल्यांवर काम करतं. पण ते चुकीच्या हाताने लावलं की आठ दिवसांत माणूस पळतो.

०.०२५ टक्क्यांपासून सुरुवात. रात्री साध्या फेसवॉशने चेहरा धुवून टिपायचा आणि वीस मिनिटं थांबायचं, ओल्या कातडीतून औषध जास्त शिरतं आणि जळजळ होते. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढंच. पाच ठिपके देऊन पसरायचं : कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीची घडी आणि ओठांचे कोपरे सोडायचे, सोलतं ते तिथेच आधी. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एकाआड एक रात्र, सोसलं तर रोज. कातडी कोरडी असेल तर खाली मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. हिशेबाने लावलं तर २० ग्रॅमची ट्यूब एकाआड एक रात्र चार महिने पुरते. पंधरा दिवसांत संपली असेल तर मात्रा कुठे चुकली ते सांगायलाच नको.

पहिले तीन-चार आठवडे थोडं सोलणं आणि लाली चालते. डोळे सुजले, पाणी सुटलं, रात्री जळजळीने झोप उडाली तर पाच दिवस थांबायचं आणि आठवड्यातून दोनदावर परत यायचं. औषध लावायच्या रात्री ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचं काही नको, स्क्रब नको, आणि वॅक्सिंग-थ्रेडिंगच्या आधी आठवडाभर बंद, नाहीतर वॅक्सबरोबर वरची कातडी निघून येते आणि तिथे महिनोन्‌महिने काळा पट्टा राहतो. गरोदर किंवा मूल होऊ पाहणाऱ्या बाईला अजिबात नाही. डागाला ८ ते १२ आठवडे, बारीक सुरकुतीला चार ते सहा महिने, हे ट्यूब देतानाच सांगा.

सह्यवारा :

डॉक्टरांकडे कधी, हा प्रश्न मागे राहिला. एकच डाग जो बाकीच्यांसारखा दिसत नाही, ज्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत, काठ वेडावाकडा, एकाच डागात दोन-तीन रंग, किंवा काही महिन्यांत वाढलेला, तो दाखवायचा. नाकावर किंवा गालावर मोत्यासारखी चमकणारी काळसर गाठ, मधे खपली, रक्त येऊन पुन्हा खपली, चार आठवड्यांत न भरणारी, तीही दाखवायची. आणि आपल्याकडे तळपाय, तळहात आणि नखं आवर्जून विचारा. आपल्या लोकांत मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, कमी होतो, पण झाला तर बऱ्याचदा तिथेच होतो, आणि काटा लागला, नख चेंगरलं असं समजून वेळ जातो. नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ किंवा रंग नखाच्या बाहेर कातडीवर उतरला असेल तर थांबायचं नाही.

खलबत्ता :

हाताच्या पाठीवरचे डाग तेवढे राहिले. चेहऱ्याचं सगळं करूनही हात तसेच, ही तक्रार सगळ्यात जास्त येते.

बकुळ :

कारण सकाळी हातांना लावलेलं सनस्क्रीन पहिल्याच हात धुण्यात जातं. लहान ट्यूब पर्समध्ये किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायला सांगा, बाहेर पडताना दोन्ही हातांच्या पाठींना एकमेकांवर चोळून लावायचं, तळव्यांना नको. दुचाकी-चारचाकीवाल्यांना पूर्ण बोटांचे सुती हातमोजे. ट्रेटिनॉइन हातालाही चालतं, पण इथली कातडी सावकाश बदलते, सहा महिने धरून चाला.

सपाट डाग क्यू-स्विच्ड लेझरने एक-दोन बैठकांत बरेच उतरतात. आपल्या वर्णात लेझरनंतर उलट काळेपणा येण्याचा धोका खरा आहे, म्हणून आधी एका डागावर चाचणी घेऊन चार-सहा आठवडे थांबणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवा, आणि लेझर एप्रिल-मेमध्ये नको. खपली धरते ती आपोआप पडू द्यायची. ती नखाने काढली तर डाग गेलेल्या जागी पांढरा किंवा आणखी काळा ठिपका राहतो. घरगुती डर्मारोलर (बारीक सुयांचा रूळ) मागायला आले तर देऊ नका : ०.३ मिलिमीटरची सुई खालच्या मजल्याला हलवण्याइतकी खोल जात नाही, आणि १.५ मिलिमीटरची सुई घरी, एकाच घरात तिघींनी वापरून, जंतुसंसर्गच पोचवते.